नेमगोंडा चौगुल्यांचं वजन

“शिक्का दाखवा,” नेमगोंडा चौगुले म्हणाले.

मी त्यांच्या पलंगाशी उभी होते. एका हातात यंत्राच्या वायरी, दुसऱ्या हातात चार चिकटपट्ट्या. त्यातली एक माझ्याच अंगठ्याला चिकटली होती आणि ती सोडवताना दुसरी चिकटली.

“कसला शिक्का?”

“पडताळणीचा. वजन असो, माप असो, काटा असो, लोकांवर वापरायचा म्हणजे निरीक्षकानं तपासलेला पाहिजे. त्यावर शिक्का पाहिजे, वर्ष पाहिजे. याच्यावर कुठं आहे?”

मी यंत्र उलटं करून पाहिलं. खाली एक निळा कागद चिकटवलेला होता. त्यावर छत्रीचं चित्र होतं, म्हणजे पावसात ठेवू नये.

“हा नव्हे,” चौगुले म्हणाले.

“अण्णा, आपण काही विकत नाही आहोत. नुसतं मोजतोय.”

“काय मोजताय?”

“तुमच्या अंगात मांस किती आहे ते.”

“किलोत?”

“किलोत.”

“आणि त्या आकड्यावर काही ठरणार आहे का नाही?”

ठरणार होतं. सगळंच त्यावर ठरणार होतं. मी होकारार्थी मान हलवली.

“मग शिक्का पाहिजे,” ते म्हणाले आणि त्यांनी हात पांघरुणात घेतला.

याला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागून मला दोन महिने झाले होते. यंत्र माझ्यापेक्षाही नवं होतं. हाताला दोन पट्ट्या, पायाला दोन पट्ट्या, अंगातून कळणारही नाही इतका बारीक विजेचा प्रवाह, आणि मिनिटभरात यंत्र सांगणार की या माणसात चरबी किती, पाणी किती, आणि चरबी वगळून उरलेलं अंग किती. नुसत्या वजनावरून माणूस किती खंगलाय ते नीट कळत नाही, म्हणून हे यंत्र. ट्रस्टच्या अध्यक्षांनी नारळ फोडून त्याचं उद्घाटन केलं होतं आणि पहिला मान म्हणून स्वतःलाच मोजून घेतलं होतं. त्यांच्यात अडतीस टक्के चरबी निघाली. ती मी माइकवरून वाचून दाखवली, कारण तसं ठरलं होतं. त्यानंतरचं त्यांचं भाषण चार मिनिटांत आटोपलं.

चौगुले वजन-मापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. जत, कवठे महांकाळ, तासगाव, सगळे बाजार त्यांनी पायाखाली घातले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आणि त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. अडीच महिने भाकरी उतरत नव्हती, मग भात उतरेना, मग दूध अडखळायला लागलं. अंगावर नुसता सांगाडा राहिला होता, पाय मात्र सुजलेले. आमचे सर्जन डॉक्टर मुजावर यांनी सांगितलं होतं की गाठ काढता येईल, पण या अवस्थेत नाही. नाकातून पोटात नळी घालून तीन आठवडे खाऊ घालायचं. आज यंत्रावर मोजायचं, तीन आठवड्यांनी परत मोजायचं. आकडा वाढला तर ऑपरेशन, नाही तर घरी.

आणि चौगुले मोजू देत नव्हते.

त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई स्टुलावर बसून मलमलचं फडकं पिळत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, “रागावू नको गं पोरी. लग्नात आमच्या बापूंनी दागिने दिले तेव्हा यांनी सोनाराचा काटा बघायला मागितला होता.”

“बरोबर निघाला का?”

“निघाला. तरी बापू दोन वर्षं बोलले नाहीत.”

मी वॉर्डातल्या साध्या वजनकाट्यावर तरी चला म्हणाले, निदान वजन घेऊ. त्याला ते तयार झाले. सिस्टर एस्तेरनी त्यांना धरून काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस किलो. चौगुले खाली उतरले, काट्याकडे वाकून बघितलं, तबकडीवर टिचकी मारली आणि म्हणाले, “वीस लिटरचा पाण्याचा जार मागवा. दोन मागवा.”

“कशाला?”

“एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते काही कुणाच्या बापाला बदलता येत नाही.”

जार आले. आधी रिकामा ठेवला, मग भरलेला. फरक वीस किलोचा यायला हवा होता, तो एकवीस किलो सहाशे ग्रॅमचा आला. दोन्ही जार ठेवले तर चाळीसच्या जागी त्रेचाळीस आणि वर. चौगुल्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि तळहातावर आकडेमोड केली.

“स्प्रिंग मऊ पडलीय. जेवढं वजन जास्त, तेवढी चूक जास्त. मी साडेबेचाळीस आहे.”

ते असं म्हणाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी रुग्णालयात कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. साडेतीन किलो गमावल्याचा आनंद झालेला तो माझ्या माहितीतला एकमेव कुपोषित माणूस.

वॉर्डात मात्र गोंधळ उडाला. शेजारच्या पलंगावर दस्तगीर नावाचे ट्रकड्रायव्हर होते, क्षयाचे. आदल्याच दिवशी त्यांनी पन्नास किलो ओलांडलं म्हणून आख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले होते.

“मग मी किती?” त्यांनी विचारलं.

“काल किती आलात?”

“बावन्न.”

चौगुल्यांनी तळहाताकडे बघितलं. “अठ्ठेचाळीस.”

दस्तगीरनी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, “पेढे तर खाल्ले सगळ्यांनी.”

संध्याकाळपर्यंत रांग लागली. चौगुले स्टुलावर बसून एकेकाचं खरं वजन काढून देत होते, आणि माणसं पडलेल्या चेहऱ्यानं पलंगाकडे परत जात होती. एका म्हाताऱ्याची सून रडायला लागली. मामंजींचं चार किलो वजन एका दुपारीत उतरलं असं तिनं फोनवर गावी कळवलं, आणि गावाहून जीप भरून माणसं भेटायला निघाली. सिस्टर एस्तेर एकट्याच खुशीत होत्या. त्या एक्क्याण्णवच्या चौऱ्याऐंशी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाचे व्यवस्थापक हुपरीकर यांनी दारावर नोटीस लावली. ती मला अजून पाठ आहे. ‘वजनकाटा दुरुस्त होऊन येईपर्यंत कोणत्याही रुग्णास वजन कमी झाल्याचे कळवू नये. वजन वाढल्यास कळवण्यास हरकत नाही.’

मी यंत्र घेऊन परत चौगुल्यांकडे गेले. त्यांनी पट्ट्यांकडे बघितलं आणि खाटेवर टेकून बसले.

“मला एक सांगा मॅडम. किलोचं वजन आम्ही तपासतो ते दुसऱ्या प्रमाण किलोशी ताडून. लिटरचं माप प्रमाण लिटरशी. हे मांस मोजणारं यंत्र कशाशी ताडलंय? प्रमाण माणूस कुठं ठेवलाय?”

कॉलेजात हे आम्हाला शिकवलं होतं, पण रुग्णाला कसं सांगायचं ते शिकवलं नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी खरं तेच सांगितलं.

“मेलेल्या माणसांशी, अण्णा. पूर्वी काही शास्त्रज्ञांनी प्रेतं उघडून मांस वेगळं, चरबी वेगळी, हाडं वेगळी अशी तोलली. त्यावरून हिशेब बसवलेत. जिवंत माणसाचा खरा आकडा कुणालाच काढता येत नाही.”

“म्हणजे माझा खरा आकडा मी मेल्यावर कळणार.”

“हो.”

“तोवर अंदाज.”

“तोवर अंदाज.”

“मग हे आधी सांगायचं की,” ते म्हणाले. “अंदाजाला शिक्का लागत नाही.” आणि त्यांनी हात पुढे केला.

यंत्रात साडेबेचाळीस किलो वजन आणि उंची भरली. चरबीविरहित वजन आलं एकोणचाळीस किलो चारशे ग्रॅम. त्याच वेळी मी साध्या टेपनं त्यांचा दंड मोजला, एकोणीस पूर्णांक चार सेंटिमीटर. तो मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिला, कारण टेप स्वस्त होती आणि तिचं कुणी उद्घाटन केलं नव्हतं.

मग खाणं सुरू झालं. मी चोवीस तासांचं वेळापत्रक केलं होतं, दर तीन तासांनी नळीतून एक भरणं. चौगुल्यांनी ते वाचलं आणि परत दिलं. सूर्य मावळल्यावर ते पाणीसुद्धा घेत नसत. त्यांच्या घरात कुणीच घेत नसे.

“नळीतून घेतलेलं मोजायचं नाही, अण्णा. तोंडात तर काही जात नाही.”

“पोटात जातं ना?”

डिसेंबर होता, दिवस लहान. सुलोचनाबाईंनी पिशवीतून पंचांग काढलं आणि आम्ही दोघींनी मिळून सूर्योदय ते सूर्यास्त असे अकरा तास पाडून घेतले. दूध, मुगाचं कढण, सातूचं पीठ, थोडं तेल. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही. सुलोचनाबाई सगळं मलमलमधून गाळून द्यायच्या, नळी तुंबू नये म्हणून. शेवटचं भरणं सहा वाजून दोन मिनिटांनी संपायचं. ते संपलं की चौगुले हात जोडून डोळे मिटायचे आणि मी घरी जायचे.

दहाव्या दिवशी ते कुणाचा आधार न घेता वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. बाराव्या दिवशी नाकात नळी घेऊन कँटीनपर्यंत गेले आणि कँटीनवाल्याचा तराजू तपासून आले. तराजू बरोबर होता, याचं त्यांना जरा वाईट वाटलं. आणि रोज सकाळी ते पाण्याचा कॅन उचलून बघायचे. पहिल्या आठवड्यात पाच लिटरचा कॅन जमिनीवरून सुटत नव्हता. मग सुटला. मग ते सात लिटरवर गेले. दस्तगीर पलंगावरून मोजायचे, एक, दोन, तीन, आणि कॅन खाली टेकला की आकडा जोरात सांगायचे.

एकविसाव्या दिवशी मी यंत्र आणलं. चौगुल्यांनी स्वतःहून हात-पाय पुढे केले. काटा दुरुस्त होऊन आला होता, तरी त्यांनी तो जारनं तपासून घेतला. वजन चाळीस किलो सहाशे.

मी परत बघितलं. जवळजवळ दोन किलो कमी.

मग यंत्र. चरबीविरहित वजन छत्तीस किलो नऊशे.

मी पट्ट्या काढून पुन्हा लावल्या. तोच आकडा. सुलोचनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दाराबाहेर हुपरीकरांची नोटीस होती.

“काय आलं?” चौगुल्यांनी विचारलं.

“कमी झालंय, अण्णा.”

त्यांनी उजवा हात वर केला, मूठ आवळली, उघडली, परत आवळली, आणि तिच्याकडे बघत राहिले.

डॉक्टर मुजावरांनी कागद बघितला आणि टेबलावर ठेवला. उंच, थकलेले गृहस्थ होते, आवाज कधी चढवायचे नाहीत.

“तीन आठवडे खाऊ घातलं आणि मांस अडीच किलोनं उतरलं. म्हणजे गाठ याला आतून खातेय. घरी पाठवा.”

“डॉक्टर, पण ते कॅन उचलतात.”

“काय उचलतात?”

“पाण्याचा कॅन. आधी पाच लिटरचा उचलत नव्हते.”

“तगारे,” ते म्हणाले, “हे ऑपरेशन मी गेल्या वर्षी दोन जणांवर केलं. दोघेही अशाच अंगाचे होते. एक अकराव्या दिवशी गेला, एक सहाव्या. दोघांच्याही घरच्यांना मी सांगितलं होतं की पेशंट तयार आहे. कशावरून सांगितलं होतं? डोळ्यांनी बघून. म्हणून हे यंत्र मी मागून घेतलं. आता तुम्ही मला परत डोळ्यांनी बघायला सांगताय.”

मी बाहेर आले. यंत्राची माहितीपुस्तिका मी कधी पाहिलीच नव्हती. ती हुपरीकरांनी मौल्यवान कागदपत्र म्हणून कपाटात कुलपात ठेवली होती. ती पाहिजे असेल तर लेखी अर्ज द्यायचा होता. मी अर्ज लिहिला. कारण लिहा म्हणाले, कारण लिहिलं. तारीख राहिली म्हणाले, तारीख घातली. पुस्तिका वॉरंटी कार्डाच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये शिवलेली होती. एकतिसाव्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरांत, एक ओळ होती: अंगावर सूज असलेल्या रुग्णांत हे आकडे भरवशाचे नाहीत.

मी तिथंच, हुपरीकरांच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

पहिल्या दिवशी चौगुल्यांच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा पडत होता. मी तो रोज बघत होते. दुसऱ्या आठवड्यात खळगा उथळ झाला, तिसऱ्या आठवड्यात पडेनासाच झाला, आणि मला बरं वाटलं होतं. त्याचा आणि यंत्राचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पहिल्या दिवशी यंत्रानं मांस म्हणून जे मोजलं होतं त्यात पायातलं पाणी होतं. पोटात नीट अन्न गेलं, सूज उतरली, पाणी लघवीवाटे गेलं आणि आकडा पडला. माणूस सुधारत होता म्हणून आकडा पडत होता.

मी टेप घेऊन वॉर्डात गेले. दंडाला सूज नव्हतीच, आधीही नव्हती. वीस पूर्णांक एक सेंटिमीटर. तीन वेळा मोजला, तिन्ही वेळा तेवढाच.

डॉक्टरांनी ती ओळ वाचली, मग परत वाचली.

“हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीत?”

“मला माहीत नव्हतं. माझी चूक आहे.”

“बरं. मग खरा आकडा काय? याचं मांस किती वाढलं?”

“ते सांगता येणार नाही. दंड सात मिलिमीटरनं वाढलाय.”

“सात मिलिमीटर.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी तेवढ्या अंतरावर धरून बघितलं. “तेवढ्यावर मी एका माणसाची छाती उघडू?”

तेवढ्यात दार उघडलं. नाकात नळी, अंगात रुग्णालयाचा सदरा, आणि हातात दहा लिटरचा भरलेला कॅन घेऊन चौगुले आत आले. मागे सुलोचनाबाई, त्यांच्या मागे दस्तगीर, आणि दस्तगीरना वॉर्डाबाहेर जायची परवानगी नव्हती म्हणून त्यांच्या मागे सिस्टर एस्तेर. चौगुल्यांनी कॅन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, बरोबर माझ्या कागदांवर. पाणी हिंदकळलं आणि एकतिसाव्या पानावर सांडलं.

“दहा लिटर,” ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “कॅनचं वजन सोडून.”

डॉक्टर कॅनकडे बघत राहिले. मग उठले, चौगुल्यांच्या समोर आले आणि आपली दोन बोटं पुढे केली.

“दाबा.”

चौगुल्यांनी दाबली. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि बोटं झटकली.

“तिसऱ्या मजल्यावरून कॅन घेऊन आलात?”

“जिन्यानं,” दस्तगीर म्हणाले. “दोनदा टेकवला. मी मोजत होतो.”

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, मला नाही. टेबलावरचं पाणी त्यांनी रुमालानं टिपलं. मग एक कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

“लिहा. यंत्राचा आकडा का धरायचा नाही ते लिहा, आणि रुग्णाची स्थिती सुधारली आहे असं तुमचं मत असेल तर तेही लिहा. सही करा.”

मी लिहिलं. सहा ओळी झाल्या. खाली सही केली, रोहिणी तगारे, आहारतज्ज्ञ. त्यांनी कागद फिरवून घेतला, वाचला, आणि माझ्या सहीच्या वर, जिथं जागा नव्हती तिथं, दोन ओळींच्या मध्ये घुसवून स्वतःची सही केली.

“गुरुवारी,” ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी सात वाजता चौगुल्यांना स्ट्रेचरवर ठेवलं. सुलोचनाबाई पायाशी चालत होत्या, ओठांनी काहीतरी म्हणत. ऑपरेशनच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. चौगुल्यांनी मला बोलावलं.

“मॅडम, त्या कागदावर लिहिलंत म्हणे तुम्ही.”

“हो.”

“किती खात्री आहे तुमची?”

“पूर्ण,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. घाई नव्हती त्या बघण्यात. मग म्हणाले, “बरं,” आणि मान सरळ केली. दार उघडलं आणि बंद झालं.

सहा तास लागले. त्यातले तीन तास मी वॉर्डात सगळ्या रुग्णांचे दंड मोजत होते. कुणी सांगितलं नव्हतं. दस्तगीरनी आपला दंड दोनदा मोजून घेतला. एक वाजता डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि सुलोचनाबाईंना म्हणाले, “निघाली. आता दहा दिवस आतला जोड टिकायला हवा.”

ते दहा दिवस मी नीट जेवले नाही, आणि मी आहारतज्ज्ञ होते. सहावा दिवस गेला. आठव्या दिवशी ताप आला आणि दुसऱ्या दिवशी उतरला. अकराव्या दिवशी डॉक्टर मुजावर पहाटेच येऊन चौगुल्यांच्या पलंगाशी बसले होते असं सिस्टर एस्तेरनी मला सांगितलं. काही तपासत नव्हते, नुसते बसले होते. बाराव्या दिवशी चौगुल्यांनी चमचाभर पाणी गिळलं. ते खाली गेलं आणि कुठं गळलं नाही. एकोणिसाव्या दिवशी ते घरी गेले.

पुढच्या नोव्हेंबरात ती दोघं परत आली, तपासणीसाठी. डॉक्टरांकडचं झाल्यावर मला कँटीनमध्ये बोलावलं. सुलोचनाबाईंनी डबा उघडला. गव्हाची खीर होती, मऊ शिजवलेली, वर तूप. तीन वाट्या काढल्या, दोन भरून आणि एक निम्मी. निम्मी चौगुल्यांची. ऑपरेशननंतर एका वेळी तेवढंच उतरायचं, मग दोन तासांनी परत तेवढं. अंगावर जरा मांस आलं होतं. किती ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पहिला घास खाऊन झाल्यावर ते म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात.”

माझा चमचा वाटीतच राहिला.

“मी एकतीस वर्षं दुकानदारांची तोंडं बघितलीत. काट्यात काही गडबड नसली की विचारल्यावर माणूस जरा थांबतो, आठवतो, मग सांगतो. गडबड असली की लगेच सांगतो. तुम्ही लगेच सांगितलंत.”

सुलोचनाबाई डब्याचं झाकण पुसत होत्या.

“खरी किती होती खात्री?”

मी थांबले. “निम्मी,” मी म्हणाले. “निम्म्याहून थोडी जास्त असेल.”

“मलाही तेवढीच दिसली.”

“मग तुम्ही आत गेलात कसे? उठून बसायचं होतं. नको म्हणायचं होतं.”

चौगुल्यांनी चमच्यानं खीर सारखी केली.

“आयुष्यभर लोकांनी माझ्यासमोर काटा मारला, मॅडम. ज्यानं मारला त्यानं स्वतःच्या बाजूनं मारला. माझ्या बाजूनं मारणारं कुणी भेटलं नव्हतं.”

सुलोचनाबाई म्हणाल्या, “खा आता. गार होतंय.”

त्यांनी दुसरा घास घेतला, सावकाश चावला, मान जराशी पुढे करून गिळला. तो खाली उतरेपर्यंत आम्ही दोघींनी चमचे उचलले नाहीत.